धडधड, धास्ती आणि थायरॉईड

थायरॉईडचं काम दाखवणारी टीएसएचची तपासणी गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये होत नव्हती, त्या काळी डॉक्टर एक साधी परीक्षा करत. पेशंट गाढ झोपला की त्याची नाडी मोजायची. काळजीपोटी ज्याची छाती धडधडते, त्याचे ठोके झोप लागली की खाली येतात. थायरॉईड ग्रंथी जादा काम करत असेल, तर झोपेतही ते नव्वदच्या आसपास किंवा त्याहून वर राहतात. मग तळहात बघायचे. घाबरलेल्या माणसाचे तळवे ओले आणि गार असतात, थायरॉईड वाढलेल्याचे ओले आणि गरम. शेवटी हात समोर पसरायला लावून बोटांवर एक कोरा कागद ठेवायचा. बोटांची थरथर नुसत्या डोळ्यांना दिसत नसली, तरी कागदाची कड थरथरताना स्पष्ट दिसते. ही कागदाची परीक्षा आजही कितीतरी डॉक्टर टेबलावरचं लेटरहेड उचलून करतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की हायपरथायरॉईडिझमचं, म्हणजे जादा काम करणाऱ्या थायरॉईडचं, निदान झालेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न घोळत असतो. ही भीती माझ्या स्वभावातली, की या आजारातली? कित्येकांना निदानाआधी काही महिने ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळालेलं असतं. चाळिशीतल्या बाईला घाम फुटतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, म्हणून पाळी जाण्याची लक्षणं समजून सोडून दिलेलं असतं. वजन उतरलं म्हणून ओळखीपाळखीच्यांनी कौतुकही केलेलं असतं. रिपोर्ट हातात आल्यावर आजाराला नाव मिळतं, पण धडधड त्या दिवशी थांबत नाही. उलट आता ती हृदयाची आहे का, अशी नवी धास्ती मागे लागते. माझ्या मते या माणसाला सगळ्यात आधी हे कळायला हवं, की त्याची भीती आणि त्याची धडधड हे दोन वेगळे आजार नाहीत. दोन्ही एकाच हार्मोनमुळे चालू आहेत आणि दोन्ही ओसरायला ठरावीक काळ लागतो.

आपल्याकडे ‘मला थायरॉईड आहे’ असं कुणी म्हटलं, की बहुधा त्यांची ग्रंथी कमी काम करत असते. आत्या, मावशी, शेजारच्या काकू अशा घरटी एक-दोघी सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेत असतात. त्यांचा सल्ला प्रेमापोटी येतो: ‘अगं, काही नाही होत, रोज सकाळी ही गोळी घे.’ इथे मात्र सावध राहायला हवं. तुमच्या अंगात जो हार्मोन जास्त झाला आहे, तोच त्या गोळीत आहे. त्यांना ज्यानं बरं वाटतं, त्यानं तुमची धडधड दुप्पट होईल. नातेवाइकांच्या आणि तुमच्या गोळ्यांचे डबे घरात वेगळे ठेवलेले बरे.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाची ही ग्रंथी असते. ती टी-४ आणि टी-३ हे हार्मोन तयार करते. प्रत्यक्ष काम करतो तो मुख्यतः टी-३. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला लावते. रक्तात हार्मोन भरपूर झाला की पिट्युटरी गप्प बसते, म्हणूनच या आजारात टी-३, टी-४ वाढलेले आणि टीएसएच जवळपास शून्य दिसतं. आपल्याच शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं थायरॉईडला खोटी हाक देत राहतात, हे याचं सगळ्यात नेहमीचं कारण. त्याला ग्रेव्हज डिसीज म्हणतात आणि तो पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पटींनी जास्त आढळतो. याशिवाय ग्रंथीतल्या गाठी स्वतःच्या मर्जीनं हार्मोन करू लागतात, किंवा ग्रंथीला सूज येऊन साठलेला हार्मोन बाहेर सांडतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत असा सुजेचा प्रकार बऱ्याच जणींना होतो. तो बहुधा आपोआप निवळतो आणि त्यात हार्मोनची निर्मिती थांबवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून कारण कोणतं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता हृदयाकडे येऊ. टी-३ थेट हृदयाच्या पेशींत शिरतो. ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या पेशी त्यानं जलद होतात, स्नायू जोरानं आकुंचन पावतो, अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाला मिनिटाला जास्त रक्त ढकलावं लागतं. रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. म्हणून ठोके नुसते जास्त होत नाहीत, ते जोरातही पडतात. उशीवर डावा कान टेकला की आपलंच हृदय ऐकू येतं, ते यामुळेच. खरी विलक्षण गोष्ट पुढे आहे. अशा पेशंटच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन मोजलं, तर ते वाढलेलं नसतंच. नेहमीइतकं किंवा थोडं कमीच सापडतं. पण टी-३मुळे हृदयावर अ‍ॅड्रिनलिन पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्यामुळे कुकरच्या शिट्टीनं, दारावरच्या बेलनं, मुलाला शाळेतून यायला झालेल्या दहा मिनिटांच्या उशिरानं एरवी जेवढं दचकायला झालं असतं, त्याच्या कितीतरी पट दचकायला होतं. मेंदूला छातीतली धडधड जाणवते आणि तो तिचं कारण शोधू लागतो. समोर वाघ नसेल, तर त्याला काहीतरी सापडतंच: हप्ते, मुलीचं लग्न, कालचं भांडण, स्वतःचं मरण. भीती खरी असते. तिचं कारण मात्र मागाहून जोडलेलं असतं.

हा घोळ आजचा नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहराचे डॉक्टर केलेब पॅरी यांच्या टिपणांत एकवीस वर्षांची एक मुलगी आहे. १८०३ साली उतारावरून वेगानं येणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून ती फेकली गेली. लागलं फारसं नाही, पण भयंकर घाबरली. तेव्हापासून तिला धडधड सुरू झाली आणि पंधरवड्यात गळा सुजलेला दिसू लागला. पॅरींच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये हे टिपण छापलं गेलं. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये ज्या बायकांचं वर्णन केलं, त्यांच्यातही मुख्य तक्रार होती ती जोराच्या आणि दीर्घकाळ चाललेल्या धडधडीची. त्यांतल्या एका तरुणीच्या लक्षणांना सुरुवातीला हिस्टेरिया समजलं गेलं होतं. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर ग्रेव्हज सुरू झाल्याच्या नोंदी तेव्हापासून आजतागायत होत आल्या आहेत, पण धक्क्यानंच तो होतो असं ठाम सांगता येत नाही. घराण्यातली प्रवृत्ती त्यात मोठा वाटा उचलते. म्हणून ‘तू फार विचार करतेस म्हणून हे झालं’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते कृपा करून थांबवावं. आजारी माणसाच्या डोक्यावर त्याच्याच आजाराचा दोष ठेवण्यासारखं दुसरं क्रूर काही नाही.

उपचारांत धडधडीला सगळ्यात लवकर उतार पडतो तो बीटा ब्लॉकर गटातल्या गोळीनं, बहुतेकदा प्रोप्रॅनोलॉलनं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी ती १९६० च्या दशकात तयार केली आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अ‍ॅड्रिनलिन ज्या जागा पकडतं, त्याच जागा ही गोळी अडवते. साध्या गोळीचा गुण तास-दोन तासांत जाणवतो: ठोके उतरतात, हाताचा कंप कमी होतो, छातीवरचा दाब हलका होतो. पण हीच गोळी न घेणारे पेशंट पुष्कळ. केमिस्ट पाकीट हातात देताना सहज म्हणतो, ‘ही बीपीची गोळी आहे.’ घरी येऊन माणूस म्हणतो, मला कुठे बीपी आहे? एकदा सुरू केली तर जन्माची मागे लागेल. आणि ती कपाटातच राहते. वास्तविक ती इथे काही आठवड्यांसाठी असते. हार्मोन ताळ्यावर आला की डॉक्टर ती हळूहळू उतरवून बंद करतात. मात्र दमा असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, कारण प्रोप्रॅनोलॉलनं दमा उसळू शकतो. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही सांगावं. साखर खाली गेल्यावर जी धडधड इशारा देते, ती या गोळीमुळे झाकली जाते. आपल्या मनानं ती एकदम बंद करू नये, हे तर आहेच.

दुसरी गोळी बहुधा कार्बिमॅझोल. ती हार्मोनची नवी निर्मिती रोखते, आणि धीराची परीक्षा इथेच असते. सोसायटीच्या टाकीत येणारा नळ बंद केला, तरी टाकीतलं पाणी संपेपर्यंत घरातल्या नळाला पाणी येतच राहतं, तसंच इथे होतं. ग्रंथीत कित्येक आठवडे पुरेल इतका हार्मोन साठलेला असतो. शिवाय रक्तातला टी-४ निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून फरक पडायला साधारण तीन ते सहा आठवडे जातात. दहाव्या दिवशी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे या साध्या हिशेबापायी स्वतःचे हाल वाढवतात. टीएसएच तर आणखी मागे राहतं. टी-३, टी-४ जागेवर आल्यावरही ते कित्येक आठवडे, कधी काही महिने दबलेलंच राहतं. रिपोर्टमध्ये त्यापुढे ठळक अक्षरात ‘लो’ छापलेलं दिसलं की पोटात गोळा येतो, पण या टप्प्यावर बघायचे असतात ते टी-३ आणि टी-४.

कार्बिमॅझोलची एक गोष्ट मात्र कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावी इतकी महत्त्वाची आहे. हजारात साधारण दोन ते पाच जणांत ती पांढऱ्या पेशी एकदम घटवते, आणि हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं. घसा खूप दुखून ताप आला, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून सीबीसी ही रक्ततपासणी करायची. उद्यावर ढकलायचं नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर तेही आधीच सांगायचं. पहिल्या तिमाहीत हे औषध बदलावं लागतं.

या आठवड्यांत सगळ्यात कठीण असते ती रात्र. पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते. गळ्यात, कानात ठोके. कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर अजून ड्रॉवरमध्ये असतो. तो बोटाला लावला की आकडा ९६ दिसतो. आपण त्याकडे टक लावून बघतो आणि तो १०४ होतो, मग ११२. मशीन बिघडलेलं नाही. बघण्यानं भीती वाढते, भीतीनं ठोके वाढतात आणि वाढलेला आकडा पुन्हा भीती घालतो. मनगटावरचं स्मार्टवॉच हेच दिवसभर करतं. त्यावर माझं स्पष्ट मत आहे: मोजणी दिवसातून एकदाच करावी, तीही आकड्यांच्या मशीनविना. सकाळी जाग आली की अंथरुणातच, चहाच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवावेत. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी ९८, ९६, ९९, ९२, ९४, ८८ असे आकडे उतरताना दिसू लागले, की औषध काम करतंय याची खात्री पटायला दुसऱ्या कशाची गरज राहत नाही. डॉक्टरांनाही ते कॅलेंडर शंभर तक्रारींपेक्षा उपयोगी पडतं.

रात्री जाग आली तर पडून ठोके ऐकत राहू नका. डाव्या कुशीवर ते जास्तच जाणवतात. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, खिडकी उघडा, पंखा वाढवा, घोटघोट पाणी प्या. या आजारात अंगातली उष्णता वाढलेली असते, गारव्यानं खरंच बरं वाटतं. श्वास नाकानं सहज आत घ्या आणि आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून बाहेर सोडा. सोडलेल्या लांब श्वासानं ठोके थोडे मंदावतात. भ्रामरी येत असेल तर उत्तम. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोराचे प्रकार मात्र हार्मोन जागेवर येईपर्यंत बाजूला ठेवा. जिमचं आणि धावण्याचंही तेच. संध्याकाळचं सावकाश चालणं पुरे. या काळात मांड्यांचे स्नायू अशक्त झालेले असतात. उकिडवं बसून उठताना किंवा जिने चढताना पाय भरून येतात, ते म्हातारपण नव्हे. स्नायूंची ताकद हळूहळू परत येते, तोवर जेवणात डाळी, उसळी, दूध, अंडी भरपूर असू द्यावीत.

चहा सोडायला सांगितला तर ऐकणारे किती निघतील, ते ठाऊक आहे. निदान दिवसातले कप निम्मे करावेत आणि दुपारी चारनंतरचा टाळावा. सर्दीच्या साध्या गोळ्यांकडे त्याहून जास्त लक्ष द्यायला हवं. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिनसारखं औषध असतं, आणि या आजारात तेही जपूनच घ्यावं लागतं. केमिस्टला आजार सांगूनच सर्दीचं औषध मागा. केस गळतात म्हणून बायोटिन सुरू केलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यानं ग्रंथीचं काही बिघडत नाही, पण काही लॅबच्या यंत्रांत थायरॉईडचे आकडे खोटे वाढलेले दिसतात. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ते थांबवायला सांगतात. समुद्री शेवाळाच्या, ‘थायरॉईड सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये आयोडीन भरमसाट असू शकतं, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता घाबरायला हवं ते कुठे, हेही सांगितलं पाहिजे. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात आदळणं बहुधा निरुपद्रवी असतं. ठोक्यांना ताल असतो, फक्त वेग जास्त असतो, तेव्हा वाट बघता येते. पण ताल पूर्ण विस्कटला, दोन ठोक्यांतलं अंतर दर वेळी वेगळंच लागू लागलं, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ते साठीपुढे जास्त दिसतं, तरुणपणी क्वचित. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. १९९१ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश धावताना दमले, तपासणीत हाच ताल सापडला आणि त्यातून त्यांना ग्रेव्हज असल्याचं उघड झालं. त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही दोनच वर्षांपूर्वी तोच आजार निघाला होता. थायरॉईड आटोक्यात आलं की पुष्कळ जणांचा ताल आपोआप जागेवर येतो.

बसल्या जागी ठोके सतत १२० च्या वर राहणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पायांवर सूज येणं, यांतलं काहीही झालं तर दवाखाना गाठायचा. खूप ताप, उलट्या, बरळणं आणि प्रचंड धडधड एकत्र आली, तर ती थेट आयसीयूची वेळ. औषध मध्येच सोडलेल्यांना किंवा मोठा संसर्ग झालेल्यांना हे होऊ शकतं. आशियाई पुरुषांत एक वेगळा प्रकार दिसतो. भरपेट गोडाधोडाचं जेवण झालं किंवा जास्त श्रम पडले, की दुसऱ्या दिवशी पहाटे पायातली ताकदच गेलेली असते. रक्तातलं पोटॅशियम एकदम घसरल्यानं हे होतं आणि तातडीनं उपचार लागतात. वयस्कांच्या बाबतीत उलटा घोटाळा होतो. धडधड, घाबरेपणा काहीच नसतं, नुसते मलूल बसून राहतात, वजन उतरतं. घरचे म्हणतात, वय झालं. आजोबांची नाडी एकदा मोजावी.

गोळ्यांनी भागलं नाही तर रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, असतं, आणि त्याच्या नावानंच अनेकांची झोप उडते. १९४१ मध्ये बॉस्टनच्या सॉल हर्ट्झ यांनी ते पहिल्यांदा पेशंटला दिलं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या १९६३ पासूनच्या केंद्रात, थायरॉईडच्या रुग्णांची पिढ्यान्‌पिढ्या रीघ लागत आली आहे. औषध तोंडानं घ्यायचं असतं, चिरफाड नाही. दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत साठलेला हार्मोन बाहेर पडून धडधड तात्पुरती वाढू शकते, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पुढे ग्रंथी मंदावली की बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. ग्रेव्हजमुळे डोळे बटबटीत झाले असतील तर ते आधी दाखवावेत, आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडायला याहून मोठं कारण नको, कारण धूम्रपानानं या आजारात डोळे बिघडण्याचा धोका वाढतो.

घरच्यांसाठी एकच सांगणं. या महिन्यांत तुमचा माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट बाजूला सारेल, नंतर रडेलही. वाद त्या वेळी घालू नका. ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा पंखा लावून शेजारी बसणं जास्त उपयोगाचं.

आणि सगळे आकडे सुधारल्यावरही काही जणांची धास्ती उरते. महिनोन्‌महिने छातीत पहारा देत बसलेलं मन एका रिपोर्टनं ड्युटीवरून उतरत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अशा वेळी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात विलंब करू नये. शरीराच्या खुणांना घाबरणं टप्प्याटप्प्यानं कमी करणारे उपचार तिथे मिळतात आणि ते लागूही पडतात. ग्रेव्हजच्या गोळ्या साधारण बारा ते अठरा महिने चालतात. त्या थांबवल्यावर जवळपास निम्म्या लोकांत आजार परततो, बहुधा पहिल्या वर्षात. तेवढा काळ ठरलेल्या तारखांना तपासणी करायची. मध्येच धडधड जाणवली तर आजार परतलाच असं धरून चालायचं नाही, आणि मनाचे खेळ म्हणून झटकायचंही नाही. टी-३, टी-४, टीएसएच करून घ्यायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत नेहमीचं काम चालू ठेवायचं.